‘स्वतःची काळजी घे’ म्हणजे नेमकं काय करायचं? (डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी धागा)

अर्धविराम

आईला अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार. आजाराबद्दल पुष्कळ वाचून झालंय, त्यामुळे तो विषय इथे नको. विषय आहे आपला, म्हणजे सांभाळणाऱ्यांचा.

भेटेल तो निघताना सांगून जातो, "स्वतःकडेही लक्ष दे बाई." कधी देऊ ते कोणी सांगत नाही. फिरायला जा म्हणतात. मी फिरायला गेले तर तेवढा वेळ आईपाशी कोण? ती दार उघडून बाहेर पडते, गॅस चालू करून विसरते. ध्यानाला बसले तरी कान तिच्या खोलीकडेच असतात. अशा बसण्याला मी आराम म्हणत नाही, ती बैठी ड्युटी झाली.

विचार करून करून मी एवढ्यावर आलेय की स्वतःची काळजी हा मनाच्या उभारीचा प्रश्न नसून पाळ्या लावण्याचा प्रश्न आहे. एखाद्या तासात आईची जबाबदारी दुसऱ्या जाणत्या माणसाने पूर्ण घेतली असेल, तरच तो तास माझा. बाकी सगळं बोलाचीच कढी.

ज्यांनी हे निभावलंय किंवा आत्ता निभावताहेत त्यांनी प्रत्यक्ष काय केलं ते लिहा. बारीकसारीक तपशीलही चालतील. सुविचार मात्र नकोत.

टिचकी

सुविचारांबद्दल +१००. मी सासूबाईंना सांभाळते. मला तर एकीने फोन करून सांगितलं, "तुला सेवेचं भाग्य मिळालं." म्हटलं, ये, अर्धं भाग्य तू घेऊन जा. त्यानंतर तिचा फोन नाही.

तपशिलाचं सांगायचं तर माझा पहिला बदल झोपेचा. सासूबाई रात्री तीन-चारदा उठतात. आधी मीच उठायचे, कारण "तुला पटकन जाग येते". मग नवऱ्याशी बसून रात्री वाटून घेतल्या. त्याच्या रात्री मी वेगळ्या खोलीत, दार लावून, कानात बोळे घालून झोपते. शेवटचं महत्त्वाचं. सुरुवातीला त्याच्या रात्रीही मीच जागी असायचे, तो घोरायचा आणि त्या हाका मारायच्या. बोळे घातल्यावर त्याला जाग यायला लागली.

रानवारा

टिचकी, बोळ्यांचं पटलं, पण इथे आम्ही दोघंच. बायकोला लेवी बॉडी डिमेन्शिया आहे, डिमेन्शियाचाच एक प्रकार. तिला खोलीत नसलेली माणसं दिसतात. रात्री वाटून घ्यायला दुसरं कोणी नाही. एका नातेवाइकाने सुचवलं, सर्दीच्या गोळीने झोप येते, तीच देत जा. कोणी करून पाहिलंय का?

काजवा

रानवारा, थांबा, देऊ नका. मी वृद्धांच्या आजारांवरच काम करते म्हणून कळकळीने लिहितेय. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या प्रकारच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते (उदा. डायफेनहायड्रामीन), त्या मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीनचं काम रोखतात. आठवण आणि लक्ष यांसाठी लागणारं ते रसायन डिमेन्शियात मुळातच कमी पडत असतं. गोंधळ वाढतो, लघवी अडू शकते, पडण्याचा धोका वाढतो. लेवी बॉडीमध्ये आणखी एक सावधगिरी: भास थांबवायला म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर काही रुग्णांचं अंग ताठरतं, शुद्ध हरपते, जिवावर बेतू शकतं. कुठल्याही दवाखान्यात, अगदी तातडीने नेलं तरी, "लेवी बॉडी आहे" हे पहिलं वाक्य असू द्या. कागदावर लिहून तिच्या पर्समध्येही ठेवा.

सांभाळणाऱ्याच्या धाग्यात औषधांचं का लिहितेय? कारण तुमची झोप पुष्कळदा रुग्णाच्या एखाद्या सुधारता येण्याजोग्या गोष्टीपायी जात असते. डोनेपेझिल हे डिमेन्शियाचं औषध रात्री दिलं तर काहींना विचित्र स्वप्नं पडतात, झोप मोडते. डॉक्टरांना विचारून ते सकाळी देता येतं का बघा. दिवसा सतत डुलक्या, उजेड न मिळणं, बद्धकोष्ठ, न सांगता येणारं दुखणं, या सगळ्यांनी रात्र बिघडते. आणि दोन-तीन दिवसांत एकदम फरक पडला असेल, म्हणजे काल ओळखत होती, आज मारायला धावते, तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, नवीन औषध असं काही ना काही कारण सापडतं आणि उपचारांनी माणूस बराचसा पूर्वपदावर येऊ शकतो.

रानवारा

धन्यवाद काजवा. डोनेपेझिल रात्रीच चालू आहे. पुढच्या भेटीत विचारतो. कागद आत्ताच लिहिला.

पानगळ

माझे वडील आता नाहीत. सांभाळण्याचा काळ संपला म्हणून जरा लांबून बोलू शकतो.

अर्धविराम, तुमचं "जबाबदारी दुसऱ्याची असेल तरच तास माझा" हे शंभर टक्के खरं, पण त्यात एक भर घालतो. तो तास आधीपासून ठरलेला हवा. थकल्यावर मदत मागायची ही पद्धत आमच्याकडे चालली नाही. थकलेल्या माणसाला मागायचंही त्राण नसतं, आणि मागितलं की समोरच्याला नेमकं त्याच दिवशी काम निघतं. बहिणीशी ठरवून दर आठवड्याची एक दुपार कायमची तिच्या नावावर टाकली. मला गरज असो-नसो, ती येणारच. आली की मी घराबाहेर. पुष्कळदा जायला ठिकाण नसायचं, बागेत बाकावर डोळे मिटून बसायचो. त्या दुपारी काय केलं याचा हिशोब कोणी मागायचा नाही, हेही ठरलेलं होतं.

खडूस आजोबा

हे सगळं बहीण, भाऊ, नवरा असणाऱ्यांचं झालं. आणि माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत भावंडं असून नसल्यासारखीच असतात. एकाच्या गळ्यात घोंगडं पडतं, बाकीचे सल्लागार मंडळ. कडू वाटेल, पण खरं आहे.

दूरदेशी

आजोबा, मी त्या सल्लागार मंडळातला. आई माझ्या बहिणीकडे असते, मी परदेशात. बाजू मांडत नाही, आम्ही काय केलं तेवढं लिहितो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

बहिणीने एक दिवस मला यादी पाठवली. भावनिक काही नाही, नुसती कामं. औषधं संपायच्या आत मागवणं, विम्याचे कागद, बँक, डॉक्टरांच्या वेळा घेणं, मदतनीस सुट्टीवर गेली तर बदली शोधणं, नातेवाइकांना तब्येतीचं कळवणं. खाली लिहिलं होतं, "यातलं लांबून काय काय होईल ते तू उचल. उचललंस की मला त्याबद्दल एकदाही विचारायचं नाही." शेवटची अट मला तेव्हा तुसडी वाटली. नंतर कळलं, काम करणं निराळं आणि ते डोक्यात वागवणं निराळं, आणि तिला डोक्यात वागवण्याचाच जास्त त्रास होत होता. नातेवाइकांचे फोन आता माझ्याकडे येतात. तेवढ्यानेही तिच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या.

सुट्टीवर येतो तेव्हा आईची पूर्ण जबाबदारी माझी आणि बहीण घराबाहेर मुक्कामाला. एकाच घरात दोघं असलो की आई तिलाच हाक मारते आणि ती उठतेच.

टिचकी

दूरदेशी, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. ती यादी तशीच्या तशी उचलतेय.

अर्धविराम

यादीची कल्पना फार आवडली. माझा भाऊ तीन तासांच्या अंतरावर आहे. दर वेळी "काही लागलं तर सांग" म्हणतो. मी "सांगते" म्हणते आणि सांगत नाही. काय सांगावं तेच सुचत नाही त्या क्षणी.

दुसरी अडचण अशी, की मदतनीस ठेवायची तर आईला परकं माणूस चालत नाही. एक बाई आल्या होत्या, आईने त्यांना चोर ठरवून बाहेर काढलं. "मला काय झालंय? मला कोणी नको." तिच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, तिला काही झालेलंच नाहीये.

काजवा

तिला "तुझ्यासाठी ठेवलंय" म्हणू नका. "माझी पाठ दुखते, मला मदतीला आल्यात" म्हणा. आपल्याला आजार आहे हे पुष्कळ रुग्णांना उमगतच नाही. ते नाकारत नसतात, मेंदूचा तो भागच साथ देत नसतो. त्यामुळे पटवून देण्यात अर्थ नाही.

पहिले काही दिवस बाईंनी आईच्या अंगाला हातही लावायचा नाही. तुमच्याशी गप्पा, घरातलं काम, आईशी जमेल तेवढं बोलणं. तुम्ही घरातच. मग तुम्ही दुसऱ्या खोलीत, मग थोडा वेळ बाहेर. आंघोळ सगळ्यात शेवटी सोपवा, तिथेच बहुतेकांची भांडणं होतात. माणूस शक्यतो बदलू नका. चेहरा आणि नाव आठवलं नाही तरी वावरण्याची सवय लागते.

खडूस आजोबा

म्हणजे आजारी माणसाशी खोटं बोलायचं? मला हे पटत नाही. आयुष्यभर ज्या आईने खरं बोलायला शिकवलं तिच्याशीच?

रानवारा

आजोबा, माझाही हाच बाणा होता. बायको विचारायची, "माझे वडील कधी येणार?" मी खरं सांगायचो, की ते जाऊन खूप वर्षं झाली. प्रत्येक वेळी तिला ते नव्याने कळायचं आणि ती नव्याने रडायची. आता म्हणतो, "तुला त्यांची आठवण येतेय ना? कसे होते ते?" ती सांगत बसते. यात खोटंही नाही आणि रडणंही नाही. आणि खरं सांगू, माझीही शक्ती वाचते. दिवसभर सत्याची बाजू लढवून मी जेवढा दमायचो तेवढा तिला उचलून बसवण्यानेही दमत नव्हतो.

खडूस आजोबा

हम्म. हे मान्य. पाठदुखीचं अजून पचत नाही, पण हे मान्य.

अर्धविराम

पाठ खरंच दुखते हो आजोबा, ते खोटं नाही :)

टिचकी

एक विचारायचंय, जरा अवघड आहे. कधीकधी वाटतं की हे लवकर संपावं. म्हणजे त्या... कळलं असेल. तो विचार आला की दिवसभर स्वतःची लाज वाटत राहते. कोणाला होतं का असं?

पानगळ

होतं. मला व्हायचं. आमच्या आधारगटात पहिल्यांदा कोणीतरी हे मोठ्याने म्हणालं तेव्हा खोलीतल्या अर्ध्या माना हलल्या. वडिलांचा मृत्यू मला नको होता, या परिस्थितीचा शेवट हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात म्हणून घोटाळा होतो.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकी अभ्यासक आहेत. माणूस समोर असतो पण हरवलेलाही असतो, अशा नुकसानाला त्यांनी १९७० च्या दशकात ‘संदिग्ध वियोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. धड शोक करता येत नाही, कारण कोणी गेलेलं नाही. धड सोबतही नाही, कारण ज्याच्याशी तीस वर्षं बोलत होतो तो बोलायला नाही. कोणी सांत्वनाला येत नाही. मला त्या नावाने बरं वाटलं असं नाही, पण आपल्याला नैराश्य, आळस, कृतघ्नपणा वगैरे काही झालेलं नसून आपण शोकात आहोत, एवढं कळलं.

काजवा

पानगळ, सुंदर लिहिलंत. फक्त एक पुस्ती: शोक असला तरी सोबत नैराश्यही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. टिचकी, "हे संपावं" हा विचार वेगळा. पण "मीच नसते तर बरं" किंवा "दोघांनीही संपावं" असं वाटायला लागलं, किंवा हात उगारला जाईल अशी भीती वाटली, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी कोणाला तरी बोलवायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. डॉक्टर दचकत नाहीत, आम्ही हे नेहमी ऐकतो.

ताण किती आहे हे मोजायला झॅरिट यांची प्रश्नावली वापरतात. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. "तुमच्या नातेवाइकाच्या सोबत असताना तुम्हाला राग येतो का?" अशा धर्तीचे थेट प्रश्न असतात. तिचा खरा उपयोग आकड्यापेक्षा बोलायला तोंड फुटतं यात आहे. पुढच्या वेळी पेशंटला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना म्हणा, "पाच मिनिटं माझ्यासाठी हवीत." स्वतःचं ब्लडप्रेशर, साखर तपासून घ्या, राहिलेली दाताची कामंही उरका.

खडूस आजोबा

डॉक्टरीणबाई, हे ताणबिण आमच्या वेळी नव्हतं. लोक सांभाळायचेच की.

काजवा

सांभाळायचे, आणि मोडायचेही. मोजलं जात नव्हतं एवढंच. १९९५ साली कीकोल्ट-ग्लेझर या अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तेवढ्याच इतर स्त्रिया यांच्या हातावर सारखीच छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सांभाळणाऱ्यांना सरासरी सुमारे ९ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान आहे, पण ताण ‘मनाचे खेळ’ नाहीत एवढं दाखवायला पुरे. शुल्झ आणि बीच या संशोधकांनी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांचा चार वर्षं पाठपुरावा केला, तो अभ्यास १९९९ मध्ये आला. ज्यांना त्या कामाचा ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, न सांभाळणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघालं. ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे सांभाळणं आपोआप घातक नाही. कोणत्या परिस्थितीत सांभाळता यावर बरंच अवलंबून आहे.

रानवारा

हे वाचून घाबरावं की धीर धरावा कळत नाही.

पानगळ

धीर धरा. दुसरा आकडा मी देतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मेरी मिटलमन यांच्या गटाने अल्झायमरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या ४०६ जोडीदारांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. अर्ध्या लोकांना दोन वैयक्तिक समुपदेशनं, कुटुंबासकट चार बैठका, नंतर आधारगट आणि अडलं की फोन करायची सोय दिली. त्यांच्या आजारी जोडीदारांना शुश्रूषा संस्थेत ठेवायची वेळ सुमारे दीड वर्ष पुढे गेली. मला त्यातलं महत्त्वाचं काय वाटतं सांगू? सहांपैकी चार बैठका कुटुंबासकट होत्या. दमलेल्या माणसाला एकट्याला बसवून "खोल श्वास घ्या" सांगत बसले नाहीत, बाकीच्यांनाही समोर बसवलं.

टिचकी

हे आजच रात्री नवऱ्याला वाचून दाखवते. आणि त्याच्या भावाला. काजवाताई, तुम्हाला वेगळं उत्तर लिहीन, पण "हात उगारला जाईल" हे वाक्य वाचून बरं वाटलं, म्हणजे बरं नाही, पण कोणीतरी लिहिलं. तसं झालं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहते.

काजवा

तेच करत जा. त्या सुरक्षित जागी असतील तर दोन मिनिटं खोलीतून निघून जाणं हा उत्तम उपाय आहे. वाद जिंकायला परत जायचं नाही, विषय बदलून जायचं. वेगळं उत्तर जरूर लिहा, वाट बघते.

खडूस आजोबा

संस्थेत ठेवण्याचा विषय निघालाच आहे तर... मी इथे का येतो ते सांगतो. मंडळी घरी आहेत, मीच बघतो. माझं वय ८१. मुलगा म्हणतो, चांगल्या ठिकाणी ठेवू. मी म्हणतो, जिवंत असेपर्यंत नाही. परवा त्या पडल्या, मला उचलता आलं नाही. शेजारचे येईपर्यंत मी पण जमिनीवरच बसून राहिलो.

पानगळ

आजोबा, वडिलांना शेवटचं दीड वर्ष आम्ही संस्थेत ठेवलं. मला वाटायचं, तिथे सोडून आलो की माझं नातं संपलं. झालं उलटं. कपडे बदलणं, उचलणं, रात्री जागणं त्यांच्याकडे गेलं आणि मी पुन्हा मुलगा झालो. जाऊन नुसता हात धरून बसायचो. घरी असताना हात धरायला वेळ कुठे होता? सगळ्यांना हेच लागू पडेल असं नाही, संस्थाही सारख्या नसतात. न कळवता वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा, रात्रपाळीला किती माणसं असतात ते विचारा, तिथल्या रुग्णांना दिवसभर खुर्चीत बांधून तर ठेवत नाहीत ना ते पाहा.

काजवा

आणि आजोबा, मधला रस्ताही असतो. दिवसभर डे-केअर आणि रात्री घरी, किंवा काही दिवसांपुरतं ठेवून परत आणणं. तोपर्यंत त्या पडल्या तर एकट्याने उचलू नका. आधी लागलंय का बघा. डोकं आपटलं असेल, खूप दुखत असेल, पाय वाकडा दिसत असेल, तर हलवायचंच नाही, मदत बोलवायची. लागलेलं नसेल आणि त्यांना समजत असेल तर कुशीवर वळवायचं, गुडघे-हातांवर आणायचं, समोर भक्कम खुर्ची ठेवून तिच्या आधाराने त्यांनाच उठू द्यायचं. हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर शिकून घ्या.

खडूस आजोबा

खुर्चीचं ठाऊक नव्हतं. डे-केअरचं मुलाला विचारतो. बाकीचं नंतर.

अर्धविराम

धागा कुठल्या कुठे गेला, बरं झालं. मी भावाला यादी पाठवली. दूरदेशींच्या बहिणीची अटही जशीच्या तशी घातली. उत्तर आलं, "एवढं सगळं तू करत होतीस?" रागवावं की हसावं ते कळेना. दर महिन्यातला एक शनिवार-रविवार त्याने घेतलाय, पहिला याच आठवड्यात. नवीन बाईही यायला लागल्यात, सध्या ‘माझ्या पाठीसाठी’.

भावासाठी कागद लिहितेय. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर आणि बाहेरच्या दाराची कडी वरून लावायची, एवढं झालं. आणखी काय?

टिचकी

त्यांचं काय बिघडलं की काय करायचं ते लिहा. "संध्याकाळी घरी जायचंय म्हणते, तेव्हा हेच घर आहे म्हणू नकोस, दिवे लाव आणि कपड्यांच्या घड्या करायला दे." हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायचं सुचत नाही.

रानवारा

कुठल्या गोष्टीसाठी तुम्हाला फोन करायचा आणि कुठल्या गोष्टीसाठी नाही, तेही लिहा. नाहीतर मोज्यांचा जोड सापडत नाही म्हणून फोन येईल.

दूरदेशी

आणि त्याची पद्धत वेगळी असेल. केस उलटे विंचरेल, कपडे विजोड घालेल. आईला इजा नसेल तर दुरुस्त करू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तो येणार नाही. मुख्य म्हणजे फक्त शनिवार-रविवारचा दिवस देऊ नका, मधली रात्रही त्याचीच.

अर्धविराम

रात्रही त्याचीच. लिहिलं. मी मैत्रिणीकडे झोपायला जातेय, कानातले बोळे घेऊन.